हत्तीच्या गल्लीत

जगातली सगळी हॉटेलं दोनच जातींत मोडतात. पहिल्या जातीच्या हॉटेलात रात्री साडेअकराला परत आलं, की दारावरचा माणूस लवून 'गुड इव्हिनिंग, सर' म्हणतो. दुसऱ्या जातीच्या हॉटेलात 'जेवलात का?' असं विचारतात. पहिल्या जातीत आपण 'खोली नंबर चारशे बारा' असतो आणि बारा वर्षं राहिलो तरी चारशे बाराच राहतो. दुसऱ्या जातीत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पोटाची, गुडघ्याची आणि लेकीच्या न ठरलेल्या लग्नाची बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली असते आणि तिथून सल्ले यायला सुरुवात झालेली असते. पहिल्या जातीला चांदण्या असतात. दुसऱ्या जातीला आजी असते.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही उभयतां इटलीतल्या सिएना या गावी सहा रात्री राहिलो, ते या दुसऱ्या जातीच्या हॉटेलात. हे हॉटेल आमच्या लेकीनं म्युनिकहून शोधून काढलं. ती नोकरीनिमित्त तिथं असते. तिला एका हॅम्बुर्गच्या मुलाशी लग्न करायचं होतं आणि त्या विषयावर आमच्या घरी चार महिने 'बघू' हा एकच शब्द चालू होता. म्युनिकला तिच्या दोन खोल्यांत तिघांनी मिळून पंधरा दिवस 'बघू' म्हणून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं इटलीत जाऊन या. निवांत बोला. छोटं हॉटेल आहे, फॅमिली-रन." फॅमिली-रन म्हणजे एका कुटुंबानं चालवलेलं, हा त्या शब्दाचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ असा, की सहा रात्रींपुरते आपणही त्या कुटुंबात दत्तक जातो. पहिला फोनवर कळतो, दुसरा तिथं गेल्यावर.

सिएना तीन टेकड्यांवर वसलेलं आहे. रेल्वे स्टेशन तळाला आणि गाव माथ्यावर. मधला चढ सरकत्या जिन्यांनी जातो, हे इटालियन सरकारचे उपकार. पुढे मात्र दगडी फरसबंदी आणि आपली बॅग. गावाच्या जुन्या भागात १९६० च्या दशकापासूनच मोटारींना बंदी आहे. त्यामुळे तिथं इतकी शांतता असते, की आमच्या बॅगेच्या चाकांचा आवाज ऐकून तीन ठिकाणी खिडक्या उघडल्या. हॉटेल सालिकोत्तो नावाच्या अरुंद रस्त्यावर, नगरभवनाच्या पाठीमागे होतं. तीन मजले, नऊ खोल्या, लिफ्ट नाही. "इमारत पाचशे वर्षांची आहे," असं मालकांचे चिरंजीव इंग्रजीत म्हणाले. जिना त्याहून जुना असावा. आधी जिना बांधून मग त्याच्याभोवती पैशाच्या सोयीनं घर बांधलं असावं, अशी त्याची ठेवण होती.

टेबलामागे आजी बसल्या होत्या. इटालियनमध्ये आजीला 'नोन्ना' म्हणतात. गल्लीतले सगळेच त्यांना नोन्ना म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वय बावीस उलटं करून साठ मिळवावं इतकं, म्हणजे ब्याऐंशी. इटलीत पाहुण्यांची नावनिशी पोलिसांना कळवावी लागते. चिरंजीव ती कॉम्प्युटरवर कळवत आणि नोन्ना त्याच वेळी ती एका लांबलचक वहीत हातानं उतरवून घेत. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता आणि पोलिसांवरही नसावा. आमच्या पासपोर्टवर जन्मस्थळ 'पुणे, इंडिया' वाचल्यावर त्यांनी चष्मा काढला, आमच्याकडे पाहिलं आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर डाळिंबी रंगाचं, पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं निशाण होतं. त्यावर हत्ती होता आणि हत्तीच्या पाठीवर बुरूज. "एलेफान्ते!" नोन्ना म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी आम्हांला ज्या ममतेनं वागवलं, ती आम्ही हत्तीचे चुलतभाऊ आहोत हे ठाऊक असल्याखेरीज कुणी दाखवणार नाही.

इथं थोडी माहिती देणं भाग आहे. सिएना हे सतरा मोहल्ल्यांचं गाव आहे. मोहल्ल्याला ते 'कोन्त्रादा' म्हणतात. सतरांच्या हद्दी बव्हेरियाच्या व्हिओलान्ते बेआत्रीचे या राज्यकर्तीनं १७२९ साली आखून दिल्या. तेव्हापासून त्या हललेल्या नाहीत. प्रत्येक कोन्त्रादाचं निशाण वेगळं, रंग वेगळे, चर्च वेगळं, कारंजं वेगळं. नावं ऐकली तर पंचतंत्र उघडल्यासारखं वाटतं : कासव, गोगलगाय, सुरवंट, साळिंदर, घुबड, जिराफ, लांडगी. त्यात कासव आणि गोगलगाय यांचं हाडवैर आहे. हे वैर किती वेगानं चालत असेल याची मी बराच वेळ कल्पना करत होतो.

दर वर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला गावच्या चौकात घोड्यांची शर्यत होते, तिचं नाव पालिओ. चौक म्हणजे पियात्सा देल काम्पो. शिंपल्यासारखा उतरता आणि विटांच्या नऊ पाकळ्यांचा. त्यावर माती टाकतात आणि सतरांपैकी दहा कोन्त्रादांचे घोडे तीन फेऱ्या मारतात. सगळा प्रकार दीड मिनिटाच्या आसपास संपतो. उरलेलं वर्ष त्या दीड मिनिटाबद्दल बोलण्यात जातं. खोगीर नाही. स्वार पडला तरी हरकत नाही, रिकामा घोडा पहिला आला तरी जिंकला. शर्यतीपूर्वी घोड्याला चर्चमध्ये नेऊन पाद्रीबोवांकडून आशीर्वाद देववतात. तिथं घोड्यानं लीद टाकली तर तो शुभशकुन धरतात. बक्षीस काय, तर रंगवलेलं एक रेशमी निशाण. गावातले लोक लाडानं त्याला 'चेन्चो' म्हणतात. चेन्चो म्हणजे चिंधी. एका चिंधीसाठी गाव शतकानुशतकं जीव टाकतं आहे, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. शनिवार पेठेत जन्मलेल्या माणसाला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आमचं हॉटेल 'तोर्रे' म्हणजे बुरूज या कोन्त्रादाच्या हद्दीत होतं. हत्ती त्यांचा. जी कोन्त्रादा सगळ्यांत जास्त काळ जिंकलेली नसते तिला गावात 'नोन्ना' म्हणून चिडवतात. तोर्रे १९६१ मध्ये जिंकली, त्यानंतर थेट २००५ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! नोन्नांच्या डोळ्यांनी १९६१ चा विजय पाहिला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. पुढचा पाहिला तेव्हा अडुसष्ट. मधल्या काळात त्यांचं लग्न, संसार, वैधव्य आणि आजीपण सगळं उरकून झालं होतं. २०१५ साली तोर्रे पुन्हा जिंकली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, की आता दहा वर्षांनी घाई कशाला करता?

आणि तोर्रेची शत्रू म्हणजे 'ओका'. ओका म्हणजे हंसीण. तिचे रंग हिरवा, पांढरा आणि लाल. ही सगळ्या कोन्त्रादांत सर्वांत जास्त वेळा जिंकलेली, त्यामुळे तिच्या नुसत्या उल्लेखानंही नोन्नांच्या हातातली विणायची सुई थबकत असे. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे लागणार आहे.

हॉटेलची शिस्त घरच्यासारखी होती, म्हणजे लेखी काहीच नव्हतं आणि सगळं पाळावं लागे. खोलीच्या किल्लीला अर्धा शेर वजनाचा पितळी गोळा बांधला होता, जेणेकरून पाहुणा ती खिशात घालून गावभर हिंडू नये. दुपारी एक ते चार खिडक्यांची लाकडी झडपं बंद. त्या वेळात जिन्यावर मोठ्यानं बोललं की नोन्ना खालून नुसत्या खाकरत. मला गावी आल्यासारखं वाटे. मी दुपारच्या जेवणानंतर कापुचीनो मागितली तेव्हा चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्या पोटाकडे पाहिलं. मग बिनदुधाची कॉफी आली. दूध सकाळी, जेवणावर दूध घातलं तर पोटात दही होतं, असा त्या देशाचा वैद्यकीय सिद्धान्त आहे. दुसरा सिद्धान्त वाऱ्याचा. ओल्या केसांनी खिडकीत उभं राहिलं की 'हवेचा फटका' बसतो आणि माणूस मानेपासून वाकडा होतो. आमची ही केस धुऊन खिडकीत उभी राहिली तेव्हा समोरच्या घरातली एक अनोळखी बाई हातवारे करून तिला आत जा म्हणाली. आत आल्यावर ही म्हणाली, "अगदी माझ्या आत्यासारखी आहे हो!" परदेशात आपल्याला आत्या सापडणं ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रवासवर्णनकार चर्चबद्दल चार पानं लिहितात आणि न्हाणीघराबद्दल मौन पाळतात, हा आपल्या वाङ्मयातला मोठा दोष आहे. युरोपात भारतीय माणसाला रोज सकाळी पडणारा जो मूलभूत प्रश्न, तो इटलीनं सोडवला आहे. तिथं १९७५ सालच्या सरकारी नियमानुसार घरातल्या न्हाणीघरात कमोडशेजारी पाण्याची सोय असलेलं आणखी एक बसकं भांडं असावंच लागतं. मायकेलअँजेलो थोर होताच. पण ज्या देशानं कागदाच्या युगात पाण्याचा मार्ग सोडला नाही, त्याची थोरवी मला त्या भांड्यापाशी जास्त पटली.

याच न्हाणीघरात छतापासून एक दोरी लोंबत होती. मराठी बाईला दोरी दिसली की तिला काहीतरी वाळत घालायचं आठवतं. हिनं पहिल्याच संध्याकाळी परकर धुतला आणि दोरीवर टाकला. खाली कुठंतरी घंटा घणघणू लागली. ती दोरी पाहुणा न्हाणीघरात पडला-झडला तर मदत मागण्यासाठी होती. अर्ध्या मिनिटात आमच्या दारात चिरंजीव औषधाची पेटी घेऊन, त्यांची बायको ओला टॉवेल घेऊन, आणि नोन्ना गोड वाइनची बाटली घेऊन हजर झाल्या. अडतीस पायऱ्या! सगळे आत शिरले. न्हाणीघरात कुणी पडलेलं नव्हतं. दोरीवर परकर मात्र होता.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग नोन्नांनी परकर दोरीवरून काढला, दोन बोटांत कापड चोळून पाहिलं आणि "कोतोने," म्हणाल्या. सुती. त्यांची पसंती स्पष्ट दिसली. हिचा हात धरून त्यांनी तिला मागच्या खिडकीशी नेलं. तिथं चौकातून समोरच्या भिंतीपर्यंत कप्पीवरून फिरणारी दोरी होती. एक टोक ओढावं, कपडे आपोआप पुढे सरकत जातात. ही त्या कप्पीवर जितकी खूश झाली, तितकी फ्लॉरेन्समधल्या एकाही चित्रावर झाली नव्हती.

तिथून त्या दोघींचं जे जमलं, ते शेवटपर्यंत. हिला इटालियन येत नाही आणि नोन्नांना मराठी. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात खंड पडायला काही कारणच नव्हतं. मी गाव बघायला बाहेर पडे आणि ही स्वयंपाकघरात. मी शंभर मीटर उंचीच्या तोर्रे देल मान्जाच्या चारशेवर पायऱ्या चढून आलो. त्या मनोऱ्याला जे नाव पडलं, ते म्हणे तिथला पहिला घंटावाला सगळी कमाई खाऊन टाकायचा म्हणून. खादाड माणसाच्या नावानं मनोरा बांधून ठेवणारं गाव मला भलतंच आवडलं. मी कथीड्रल पाहिलं. ते आणखी मोठं करायचं म्हणून १३३९ मध्ये काम काढलं, १३४८ मध्ये प्लेग आला आणि काम राहिलं ते राहिलंच. ती अर्धवट भिंत अजून तशीच उभी आहे आणि लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात. आपल्याकडे अर्धवट पूल असतात, पण तिकीट लावायचं कुणाला सुचलेलं नाही.

हे सगळं पाहून मी परत आलो, तर स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसलेल्या. मध्ये पाट, पाटावर पीठ. नोन्ना 'पीची' करत होत्या. पीची म्हणजे हातानं वळलेल्या जाड्याजाड्या शेवया. कणकेची पट्टी घ्यायची आणि तळव्याखाली लाटत लाटत वीतभर, हातभर लांब करायची. ही थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं त्याच कणकेचा गोळा घेतला आणि अंगठा आणि बोटानं भराभर गव्हले वळायला लागली. तांदळाएवढे, एकसारखे. मग नखुले, मग मालत्या, मग बोटवे. आमच्या लग्नाच्या वेळी तिच्या आजीनं रुखवतासाठी शिकवलेलं सगळं. नोन्नांनी पीची बाजूला सारली आणि चष्मा लावून एकेक गव्हला उचलून पाहिला. मग सुनेला हाक मारली. "हे बघ. हात म्हणजे असा असावा," असं त्या म्हणाल्या असणार. कारण सुनेचा चेहरा आमच्या घरात असंच काही बोललं गेलं की सुनांचा होतो तसा झाला.

ही सून म्हणजे या हकीकतीतलं खरं माणूस. चिरंजीव तोर्रेचे आणि ती ओकाची. म्हणजे हत्तीच्या घरात हंसीण. लग्नाला अकरा वर्षं झालेली. एरवी सगळं गुण्यागोविंदानं चाले, ती पाहुण्यांचं बघे, हिशेब ठेवे, नोन्नांच्या पायाला रात्री तेल चोळे. पण पालिओचे चार दिवस आले की ती बॅग भरून माहेरी जाई. माहेर किती लांब? चालत दहा मिनिटं. चार दिवस नवराबायको एकमेकांना फोनसुद्धा करत नसत. सिएनात हे नवल नाही. बऱ्याच घरांत असंच चालतं. पाचव्या दिवशी ती परत येई आणि आल्या आल्या चादरी मोजायला घेई.

खरा पेच पाच वर्षांच्या नातीचा होता. पूर्वी ज्या हद्दीत जन्म, ती कोन्त्रादा, असा सरळ हिशेब होता. आता मुलं वेशीबाहेरच्या इस्पितळात जन्मतात, तेव्हा आईबापांनी ठरवायचं. मग त्या कोन्त्रादाच्या कारंज्यावर मुलाचं दुसरं बारसं होतं आणि गळ्यात तिच्या रंगांचा रुमाल बांधतात. या पोरीचं चर्चमधलं बारसं केव्हाच झालं होतं. कारंज्यावरचं राहिलं होतं, पाच वर्षं. "बघू," असं चिरंजीव मला म्हणाले. हा शब्द त्यांनी इंग्रजीत उच्चारला. पण त्याचा मराठी उच्चार मला स्वच्छ ऐकू आला.

मंगळवारी हॉटेलच्या चादरी धुवायचा दिवस. मागची कप्पीची दोरी चादरींनी भरलेली. हिनं सकाळी साडी धुतली होती, ती वाळवायची कुठं? ही काटकसरी बाई. तिनं ती रस्त्याकडच्या खिडकीतून खाली सोडली. दुसऱ्या मजल्यावरून, साडेपाच मीटर. साडी कोणती? आमच्याकडची नेहमीची : हिरवीगार, पांढरे बुट्टे, लाल काठ.

शर्यत आठवड्यावर आली होती. साऱ्या गल्लीत डाळिंबी निशाणं लागली होती. त्या डाळिंबी गल्लीच्या ऐन मध्यावर शत्रूचं हिरवं निशाण फडफडू लागलं, आणि ते कुठल्याही निशाणापेक्षा मोठं होतं.

मी खाली दारात वर्तमानपत्रातली चित्रं बघत बसलो होतो. प्रथम समोरचा न्हावी अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. मग गिऱ्हाईक आलं. मग खुर्च्या टाकून बसलेले चार म्हातारे उठून उभे राहिले, त्यातला एक काठीशिवाय. पाच मिनिटांत वीस-पंचवीस माणसं जमली आणि सगळी एकदम बोलू लागली. इटालियन माणूस 'आज हवा छान आहे' म्हणतानासुद्धा भांडल्यासारखा वाटतो. हे तर खरंच भांडण होतं. चिरंजीव धावत आले, वर पाहिलं आणि पांढरेफटक पडले. कारण सगळा जमाव आता त्यांच्या बायकोचं नाव घेत होता. अकरा वर्षं गप्प राहून शेवटी हंसिणीनं दात दाखवले, असा त्यांचा समज झाला होता.

सूनबाई दारात आली. तिनं वर पाहिलं. आणि काहीच बोलली नाही. 'ही माझी नाही' एवढं म्हटलं असतं तर मिटत होतं. पण ती म्हणेना. नुसती वर बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अकरा वर्षांत त्या गल्लीत तिचे रंग तिनं पहिल्यांदाच पाहिले होते.

मग नोन्ना बाहेर आल्या. गर्दी गप्प झाली. त्यांनी साडी पाहिली, सुनेचा चेहरा पाहिला आणि पुन्हा साडी पाहिली. मग त्या लोकांना उद्देशून दोन-तीन मिनिटं बोलल्या. चिरंजीवांनी मला नंतर त्याचा सारांश सांगितला : हे कापड पाहुणीचं आहे, पाहुणी हत्तीच्या देशातून आली आहे, तिथं खरे हत्ती असतात, आपल्यासारखे कापडावरचे नव्हेत, आणि ज्या बाईच्या देशातून आपला हत्ती आला, तिनं आपलं लुगडं कुठं वाळत घालावं हे तिला सांगणारे तुम्ही कोण? कापड सुती आहे, तासाभरात वाळेल. तोवर ज्याला हिरवा रंग सोसत नसेल त्यानं डोळे मिटून घ्यावेत.

न्हावी गिऱ्हाइकाला घेऊन आत गेला. म्हातारे बसले. साडी तासभर तिथंच होती. सुनेनं ती नंतर उतरवून आणली, आणि तिनं तिच्या ज्या घड्या घातल्या, त्या साडीच्या घड्या नव्हत्या. निशाण गुंडाळतात तशा त्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं बॅगेच्या तळातून डाळिंबी इरकल काढली आणि नेसून खाली उतरली. "का गं?" मी विचारलं. "शेजारधर्म," ती म्हणाली. गल्लीतून आम्ही चौकाकडे निघालो तेव्हा ते चार म्हातारे पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तिच्यामागून पिशवी घेऊन चालताना देवीच्या पालखीमागून चालल्यासारखं वाटत होतं. लग्नानंतर चौतीस वर्षांनी बायकोला मिळालेल्या टाळ्या आपल्याला का मिळाल्या नाहीत असा विचार मनात येणं हा मनुष्यस्वभाव आहे. पण मी तो दाबला.

त्या रात्री काम्पोच्या उतरत्या विटांवर आम्ही बसलो होतो. भोवती सगळं गाव असंच पाय पसरून बसलेलं. ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती दहा मिनिटांवर माहेर असून बॅग भरून जाते."

"हं."

"म्युनिकहून विमान साडेआठ तास."

"हं."

"गणपतीला पाच दिवस पाठवायचं, एवढं त्या हॅम्बुर्गवाल्याकडून कबूल करून घ्या. बाकी काय, बारसं दोन ठिकाणी करता येतंच."

चार महिन्यांचा 'बघू' असा एका वाक्यात संपला. मी लगेच लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई-बाबा, तुम्ही वाइन प्यायलात का?"

निघायच्या दिवशी नोन्नांनी बिल हातानं लिहून दिलं. सहा रात्रींचं भाडं. दर माणशी, दर रात्रीचा नगरपालिकेचा पर्यटन कर, पैनपै. मी वरती मागितलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या. धुण्याचे पैसे लावले नव्हते. तेवढ्यात हिनं हिरवी साडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि सुनेच्या हातात दिली. सून सासूकडे बघू लागली. नोन्ना छताकडे बघत होत्या. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. त्या घरात एखाद्या गोष्टीला याहून मोठी परवानगी कुणाला मिळाली नसेल.

नात दारापर्यंत आली. मी तिला जाता जाता, तिच्या बापाच्या मध्यस्थीनं विचारलं, "काय गं, तू कोण? हत्ती का हंसीण?" ती थोडा विचार करून म्हणाली, "आत्ता मांजर."

लेकीचं लग्न त्याच डिसेंबरात झालं. नंतर २०२० साल उजाडलं आणि सगळ्या जगानं खिडक्या लावून घेतल्या. इटलीवर तर आकाशच कोसळलं होतं. आम्ही रोज बातम्या बघायचो आणि ही म्हणायची, "नोन्ना कशा असतील हो?" त्या मार्चमध्ये सिएनाच्या एका रिकाम्या रस्त्याचं चित्रीकरण जगभर फिरलं. अंधार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि बंद घरांच्या खिडक्यांतून लोक मिळून एक गाणं म्हणताहेत. त्यांचं 'वेर्बेना'चं गाणं, सगळ्या सतरा कोन्त्रादांचं सामाईक. ती गल्ली आमची होती की दुसरी, हे अंधारात ओळखू आलं नाही. हिनं ते अकरा वेळा ऐकलं.

त्या वर्षी पालिओ झाला नाही, २०२१ मध्येही झाला नाही. ऑगस्टात चिरंजीवांचं पत्र आलं, चांगलं चार पानी. आई बरी आहे. नऊच्या नऊ खोल्या रिकाम्या आहेत. चादरी धुवायच्या नसल्यामुळे मंगळवार कधी येतो ते कळत नाही. आईनं आणि बायकोनं त्या रात्री एकाच खिडकीतून गाणं म्हटलं. आईचा सूर वरचा होता, असं आईचं म्हणणं. आणि जुलैत शर्यत नाही म्हणून बायकोला माहेरी जायचं कारणच उरलं नाही. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा ते चार दिवस सासूसून एका छपराखाली राहिल्या.

"फार कठीण गेलं," चिरंजीवांनी लिहिलं होतं. "दोघींना भांडायला काही नव्हतं. शेवटी २ तारखेला संध्याकाळी, शर्यतीच्या वेळेला, बायकोनं तुमची हिरवी साडी काढून मागच्या दोरीवर टाकली. आई खिडकीत आली, खूप वेळ ओरडली. मग दोघींनाही बरं वाटलं."